अल्बमविषयीचे मत: पहिल्या श्रवणाचे आणि नंतरचे

एखाद्या अल्बमविषयीचे मत कशाकशावर अवलंबून असते, याचे बोलके उदाहरण १९६७ सालचे आहे. बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि इंग्लंड-अमेरिकेत त्याचे जल्लोषात स्वागत झाले. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मात्र रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाचे प्रतिकूल परीक्षण छापून आले. ध्वनिपरिणामांच्या आतषबाजीत मूळ गाणी हरवली आहेत, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. संतप्त वाचकांनी वृत्तपत्राकडे निषेधाची पत्रे पाठवली. आपल्या स्टीरिओचा एक स्पीकर त्या वेळी नीट चालत नव्हता, असे गोल्डस्टीन यांनी पुढे सांगितले. त्या काळच्या स्टीरिओ मिश्रणात कंठस्वर आणि वाद्ये डाव्या-उजव्या बाजूंना ठळकपणे वाटून दिलेली असत. एक बाजू मुकी झाली, की निम्मे संगीतच कानांपर्यंत पोहोचत नसे.

हा किस्सा गमतीने सांगितला जात असला, तरी त्यात अल्बम-समीक्षेचे एक मूलभूत सत्य दडलेले आहे. मत जसे अल्बमविषयी असते, तसेच ते ऐकण्याचे यंत्र, खोली, ऐकणाऱ्याचे वय आणि त्या वेळचे वातावरण यांविषयीही असते. रॉक, पॉप आणि अ‍ॅम्बिअंट या पाश्चात्त्य संगीताच्या तीन प्रवाहांत गेल्या सहा दशकांत मते कशी बनली, कशी बदलली आणि त्या बदलांची किंमत कोणी मोजली, हे पाहिले म्हणजे व्यक्तिगत मताचे मोल आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

अल्बमची घडण

'अल्बम' हा शब्द संगीतात आला तो वस्तूच्या रूपामुळे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते पाच मिनिटांचे संगीत मावत असे. दीर्घ रचनेसाठी अनेक तबकड्या लागत आणि त्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या जाड पानांच्या वहीत घालून विकल्या जात. जून १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी १२ इंची दीर्घ तबकडी, म्हणजेच एलपी, बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर २० मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. तबकड्यांची वही गेली, पण तिचे नाव मागे राहिले.

या तांत्रिक बदलाने ऐकण्याची रीतही बदलली. सुटे गाणे चांगले की वाईट एवढेच न राहता गाण्यांचा क्रम, पहिल्या बाजूचा शेवट, दुसरीचा आरंभ आणि एकूण परिणाम यांविषयीही मत देणे भाग पडले. १९६६ साली बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' आला. सुट्या गाण्यांची जुळवाजुळव न करता एकाच भाववृत्तीत गुंफलेली ही कृती होती. अमेरिकेच्या विक्रीयादीत ती दहाव्या क्रमांकापर्यंत गेली, तर ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. एकच तबकडी दोन देशांत वेगळ्या कानांनी ऐकली गेली, हे त्यातून दिसते.

रॉक: पहिल्या मताची घाई

रॉकची गंभीर समीक्षा सुरू झाली ती याच सुमारास. १९६६ मध्ये पॉल विल्यम्स या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने 'क्रॉडॅडी' हे नियतकालिक काढले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथे जॅन वेनर आणि राल्फ ग्लिसन यांनी 'रोलिंग स्टोन' सुरू केले. तोवर लोकप्रिय संगीताविषयीचे लेखन बव्हंशी ताऱ्यांच्या बातम्या आणि विक्रीचे आकडे यांपुरते मर्यादित होते. आता अल्बमकडे कादंबरी किंवा चित्रपटाप्रमाणे पाहिले जाऊ लागले.

या नव्या समीक्षेची पहिली मोठी चूक मानली जाते ती लेड झेपेलिनविषयी. १९६९ साली या वाद्यवृंदाचे पहिले दोन अल्बम आले. 'रोलिंग स्टोन'मध्ये जॉन मेंडेलसोन यांनी दोहोंची खिल्ली उडवली. गाण्यांची रचना दुबळी आणि गायन अतिरंजित, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच नियतकालिकाने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा झेपेलिनचा पहिला अल्बम २९व्या क्रमांकावर होता.

येथे समीक्षकाला केवळ दोष देऊन भागत नाही. मेंडेलसोन यांनी टिपलेली वैशिष्ट्ये त्या संगीतात खरोखरच आहेत. ब्लूजचा आराखडा ताणून प्रचंड केलेला आहे आणि रॉबर्ट प्लँटचा आवाज संयम मानत नाही. १९६९ साली ब्लूजशी निष्ठा हा निकष होता, म्हणून ते दोष ठरले. पुढे त्याच अतिरेकातून हेवी मेटलची परंपरा उभी राहिली आणि दोषांना गुणांचा मान मिळाला. समीक्षकाचे कान चुकले नव्हते. त्यांची मोजपट्टी त्या वर्षाची होती.

'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' या १९६७ च्या अल्बमचे प्राक्तन आणखी वेगळे. अमली पदार्थ, महानगरी एकाकीपण आणि कर्कश व्हायोला यांचे हे मिश्रण बिलबोर्डच्या यादीत १७१व्या क्रमांकापलीकडे चढले नाही. मात्र ज्या थोड्यांनी ते ऐकले, त्यांतील अनेक जण स्वतः संगीतकार झाले. २००३ च्या यादीत त्याला १३वे स्थान मिळाले. अल्बमविषयीचे मत शब्दांतच व्यक्त होते असे नाही. ते दुसऱ्या अल्बमच्या रूपानेही येते, हे या उदाहरणाने सिद्ध केले.

उलट दिशेची चूकही होते. २००१ साली मिक जॅगरच्या 'गॉडेस इन द डोअरवे' या अल्बमला खुद्द वेनर यांनी 'रोलिंग स्टोन'मध्ये पाच तारे बहाल केले. दोघांचा जुना स्नेह सर्वश्रुत होता. या अल्बमची आठवण आज संगीतापेक्षा त्या पाच ताऱ्यांसाठीच अधिक काढली जाते.

अक्षरापासून दशांशापर्यंत

अल्बमांची संख्या वाढली, तशी वाचकाला झटपट निवाड्याची गरज भासू लागली. १९६९ साली न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात रॉबर्ट ख्रिस्तगाउ यांनी 'कन्झ्युमर गाइड' हे सदर सुरू केले. एका परिच्छेदात परीक्षण आणि शेवटी शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्याप्रमाणे अक्षरी श्रेणी, असे त्याचे स्वरूप होते. ख्रिस्तगाउ यांची मते पराकोटीची व्यक्तिगत असत. तरीही वाचकांना ती उपयोगी पडली, कारण एकाच माणसाची आवडनिवड वर्षानुवर्षे समोर असल्याने ती कोठे झुकते हे वाचकाला ठाऊक झाले होते. त्यांच्याशी नेमाने असहमत होणाऱ्यालाही आपल्यासाठी काय घ्यावे, हे त्यांच्या सदरातून कळत असे.

१९९० च्या दशकाच्या मध्यास रायन श्रायबर या तरुणाने सुरू केलेल्या 'पिचफोर्क' या संकेतस्थळाने शून्य ते दहा या पट्टीवर दशांश चिन्हासह गुण देण्याची प्रथा रूढ केली. ७.८ आणि ७.९ यांत नेमका काय फरक, असा प्रश्न विचारला गेला तरी या गुणांचा दबदबा वाढतच गेला. २००४ साली ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या 'ट्रॅव्हिस्टन' या एकल अल्बमला तेथे ०.० गुण मिळाले. त्याआधी त्याच्या 'डिस्मेम्बरमेंट प्लॅन' या वाद्यवृंदाचे याच ठिकाणी कौतुक झाले होते. या शून्याने महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे आणि काही विक्रेते पाठ फिरवून बसले, असा त्याचा अनुभव होता. समीक्षकाने एका दुपारी लिहिलेले मत दुसऱ्याच्या चरितार्थाला हात घालू शकते, याचे हे ठळक उदाहरण.

ऑक्टोबर २०२१ मध्ये 'पिचफोर्क'ने आपल्याच १९ जुन्या परीक्षणांचे गुण नव्याने मांडले. लिझ फेअर हिच्या २००३ सालच्या तिच्याच नावाच्या अल्बमला पूर्वी ०.० होते, ते ६.० झाले. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला ६.४ होते, ते १० झाले. जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनी काँदे नास्ट हिने हे संकेतस्थळ 'जीक्यू' या नियतकालिकाच्या छत्राखाली आणले आणि अनेक कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. इतरांना गुण देणारी संस्थाही बाजाराच्या मोजपट्टीतून सुटली नाही.

पॉप: आवडले, पण मानले नाही

पॉपच्या बाबतीत अडचण निराळी होती. रॉक समीक्षेने एक अलिखित नियम मानला होता: गाणाऱ्याने स्वतः लिहावे, स्वतः वाजवावे आणि स्वतःचे दुःख सांगावे. पॉप अल्बम मात्र अनेक हातांनी घडतो. गीतकार, निर्माता, संयोजक, ध्वनिमुद्रक आणि गायक यांच्या कामाची ती बेरीज असते. त्यामुळे तो 'कारखान्यातला माल' ठरवून बाजूला सारण्याची वृत्ती बळावली. या वृत्तीला इंग्रजीत 'रॉकिझम' म्हणतात. ऑक्टोबर २००४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये केलेफा सॅनेह यांनी लिहिलेल्या लेखाने तिच्यावर थेट बोट ठेवले आणि पॉपलाही त्याच गांभीर्याने ऐकावे, या भूमिकेला बळ मिळाले.

मराठी श्रोत्याला हा वाद काहीसा परका वाटण्याजोगा आहे. चित्रपटसंगीतावर वाढलेल्या कानांना गीतकार एक, संगीतकार दुसरा, वाद्यवृंद-संयोजक तिसरा आणि गायिका चौथी, ही विभागणी कधीच खटकली नाही. गाण्यातली भावना खरी वाटण्यासाठी ती गाणाऱ्याच्या आयुष्यात घडलेली असावी, अशी अट आपण घातली नाही.

पॉपची कारागिरी पाहायची, तर नोव्हेंबर १९८२ मधील मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'कडे वळावे लागते. क्विन्सी जोन्स यांची निर्मिती असलेल्या या अल्बममध्ये नऊच गाणी आहेत. त्यांपैकी सात सुटी प्रसिद्ध झाली आणि सातही अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. 'बिली जीन'च्या आरंभीचा ढोल आणि बास यांचा कोरडा, मोकळी जागा राखणारा मेळ ऐकला, की 'लोकप्रिय म्हणजे उथळ' हे समीकरण ढासळते. तेथे काय वाजवायचे याइतकाच काय वाजवायचे नाही याचा विचार आहे.

तरीही पूर्वग्रह टिकून राहिला. टेलर स्विफ्टचा '१९८९' हा अल्बम २०१४ मध्ये आला, तेव्हा 'पिचफोर्क'ने त्याचे परीक्षण केले नाही. पुढच्या वर्षी रायन अ‍ॅडम्स या रॉक गायकाने तीच गाणी गिटारवर गाऊन अल्बम काढला, त्याचे मात्र केले. मूळ अल्बमला परीक्षण लाभले ते २०१९ मध्ये. एखाद्या कृतीविषयी मत न देणे हेही मतच असते.

अ‍ॅम्बिअंट: लक्ष न देण्याची मुभा

रॉक आणि पॉप यांविषयी कितीही मतभेद असले, तरी हे संगीत लक्ष देऊन ऐकायचे, यावर एकमत होते. अ‍ॅम्बिअंटने हे गृहीतकच मोडले. पूर्वसूरी म्हणून फ्रेंच संगीतकार एरिक सॅटी यांचे नाव घेतले जाते. घरातल्या मेज-खुर्चीसारखे नुसते असणारे 'सजावटी संगीत' त्यांनी कल्पिले. १९२० साली पॅरिसमध्ये ते वाजू लागले तेव्हा प्रेक्षक शांत बसून ऐकू लागले आणि 'बोला, हिंडा, ऐकू नका' असे सॅटी यांना त्यांना विनवावे लागले.

ही कल्पना अल्बमच्या रूपात रुजवली ती ब्रायन एनो यांनी. 'रॉक्सी म्युझिक' हा वाद्यवृंद सोडलेले एनो जानेवारी १९७५ मध्ये लंडनमध्ये मोटारीच्या धडकेने जखमी होऊन अंथरुणाला खिळले होते. मैत्रिणीने आणलेली अठराव्या शतकातील हार्पवादनाची तबकडी त्यांनी लावली आणि परत येऊन पडले. आवाज फारच बारीक होता, स्टीरिओची एक बाजू बंद होती आणि बाहेर पाऊस पडत होता. उठण्याची शक्ती नसल्याने त्यांनी ते तसेच ऐकले. पावसात विरघळणारे ते स्वर त्यांना संगीत ऐकण्याची नवी रीत वाटली. न्यूयॉर्कमध्ये बिघडलेल्या यंत्राने एक मत बिनसवले होते. लंडनमध्ये तशाच बिघाडातून एक प्रकार जन्मला. फरक होता तो ऐकणाऱ्याच्या अपेक्षेचा.

त्याच वर्षी 'डिस्क्रीट म्युझिक' आला आणि १९७८ मध्ये 'अ‍ॅम्बिअंट १: म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'. या दुसऱ्या अल्बमची कल्पना एनो यांना जर्मनीतील कोलोन-बॉन विमानतळावर सुचली. त्यात चार रचना आहेत. दुसरी रचना निव्वळ कंठस्वरांची आहे. प्रत्येक स्वर वेगळ्या लांबीच्या फितीच्या वेटोळ्यावर मुद्रित केलेला आहे. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा सुमारे २६ आणि तिसरा सुमारे ३० सेकंदांनी. लांबी जुळत नसल्यामुळे स्वरांच्या भेटीगाठी दर वेळी नव्या होतात. रचनाकाराने केवळ नियम ठरवून दिला. चाल त्या नियमातून आपोआप उमलते. मन लावून ऐकले तरी ती पुरून उरते आणि दुर्लक्ष केले तरी रुसत नाही, अशी ही दुहेरी सोय एनो यांना अभिप्रेत होती.

रॉकच्या मोजपट्टीने या अल्बममध्ये काहीच घडत नाही. ताल नाही, शब्द नाहीत, उत्कर्षबिंदू नाही. समकालीन रॉक समीक्षेने त्याला थंडा प्रतिसाद दिला, यात नवल नव्हते. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरील मरीन एअर टर्मिनलमध्ये तो प्रत्यक्ष वाजवला गेला आणि १९९८ मध्ये 'बँग ऑन अ कॅन' या समूहाने तो वाद्यांवर सादर केला. २०१६ साली 'पिचफोर्क'ने ५० सर्वोत्तम अ‍ॅम्बिअंट अल्बमांची यादी केली, तेव्हा पहिले स्थान त्यालाच दिले.

या प्रवाहाच्या उगमाशी भारतीय धागाही आहे. एनो यांच्यावर ज्यांचा प्रभाव पडला, त्या ला माँट यंग यांनी किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांना १९७० मध्ये न्यूयॉर्कला पाचारण केले. यंग आणि टेरी रायली या दोघांनीही त्यांचे शिष्यत्व पत्करले. प्राणनाथ यांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ हे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांचे आप्त. एकेका स्वरावर दीर्घकाळ ठरून राग संथपणे उलगडणारी ही गायकी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना 'काहीच घडत नाही' या तक्रारीचे उत्तर वेगळे शिकवावे लागत नाही. तंबोऱ्याच्या नादात बसण्याची सवय असलेला कान अ‍ॅम्बिअंटकडे परका म्हणून जात नाही.

सीमारेषा पुसणारे अल्बम

काही अल्बम एकाच वेळी दोन मोजपट्ट्या मागतात. डेव्हिड बोवीच्या जानेवारी १९७७ मधील 'लो'ची पहिली बाजू तुटक, आखूड गाण्यांची आहे, तर दुसरी बव्हंशी शब्दहीन आणि मंदगती. एनो यांचा सहभाग तेथे स्पष्ट ऐकू येतो. ऑक्टोबर २००० मध्ये रेडिओहेडचा 'किड ए' आला. गिटारवादनासाठी गाजलेल्या या वाद्यवृंदाने गिटार मागे सारून इलेक्ट्रॉनिक स्वर पुढे आणले आणि मध्यभागी 'ट्रीफिंगर्स' ही निव्वळ अ‍ॅम्बिअंट रचना ठेवली. एकही गाणे सुटे प्रसिद्ध न करता हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला.

मते मात्र दुभंगली. 'मेलडी मेकर'मध्ये मार्क बोमाँट यांनी पाचपैकी दीड गुण दिला, 'न्यूयॉर्कर'मध्ये कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी नाराजी नोंदवली, तर 'पिचफोर्क'ने दहापैकी दहा दिले. दिवसभराच्या कामाने थकलेल्या श्रोत्याकडे अशा अल्बमसाठी सवड असते का, हा हॉर्नबी यांचा मुद्दा आजही रास्त आहे. २०२० च्या 'रोलिंग स्टोन' यादीत 'किड ए' विसाव्या स्थानी होता. तरी त्यामुळे तो मुद्दा खोटा ठरत नाही.

याद्यांची मांडणीही स्थिर नसते. २००३ मध्ये अग्रस्थानी असलेला 'सार्जंट पेपर्स' २०२० मध्ये २४वा झाला आणि मार्विन गे यांचा १९७१ सालचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला. अल्बम तेच होते. कौल देणारे बदलले होते. नव्या यादीसाठी ३०० हून अधिक कलावंत, निर्माते आणि समीक्षकांची मते घेतली गेली होती.

मत घडण्याची जागा

मुंबईकरांच्या एका पिढीचे अल्बमविषयीचे मत काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस'च्या श्रवणकक्षात घडले. खिशाला परवडणारी एखादीच तबकडी किंवा कॅसेट घेता येत असे, त्यामुळे निवड जपून व्हायची आणि घरी नेलेला अल्बम आवडला नाही तरी पुन:पुन्हा ऐकला जायचा. फेब्रुवारी २०१६ अखेर हे दुकान बंद झाले. आता महिन्याच्या माफक वर्गणीत कोट्यवधी गाणी हाताशी असतात. नावडत्या अल्बमला दुसरी संधी देण्याची सक्ती उरलेली नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याखेरीज गाणे ऐकले गेल्याची नोंद होत नाही. साहजिकच पहिल्या अर्ध्या मिनिटातच श्रोत्याला पकडण्याकडे कल वाढतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेल या गायिकेच्या विनंतीवरून स्पॉटिफायने अल्बम आपोआप उलटसुलट क्रमाने वाजवण्याची रीत मागे घेतली. गाण्यांच्या क्रमाला अर्थ असतो, हे १९४८ पासूनचे गृहीतक अशा रीतीने पुन्हा मागून घ्यावे लागले.

या पार्श्वभूमीवर विश्वासार्ह मत कोणते? ज्यात निवाड्याआधी वर्णन असते. आवडले नाही ते नेमके कोठे, हे ज्यात सांगितलेले असते. आणि अल्बम कशासाठी घडवला आहे हे ओळखून ज्यात त्याला प्रश्न विचारलेला असतो. रॉकला तो किती प्रामाणिक वाटतो हे विचारता येईल, पॉपला त्याची बांधणी किती चोख आहे हे विचारावे लागेल, तर अ‍ॅम्बिअंट वाजत असताना खोलीत काय बदलले, याची नोंद घ्यावी लागेल. किती वेळा ऐकले, कशावर ऐकले, हे सांगण्यात कमीपणा नाही.

व्यक्तिगत मत चुकू शकते म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. १९६९ मध्ये झेपेलिनवर झालेली टीका आज वाचली, तर त्या वर्षीच्या कानांना काय बोचले हे समजते आणि अल्बमचे नवेपण अधिक धारदार होऊन समोर येते. गुण बदलून मांडता येतात, यादी नव्याने करता येते. पहिल्यांदा ऐकताना काय वाटले, याची नोंद मात्र त्याच वेळी करावी लागते. ती स्वाक्षरी आणि तारखेसह जपलेली असेल, तर पन्नास वर्षांनंतर ती चुकीची ठरूनही उपयोगी पडते.